आल्डरविकसाठी तीन तास

नेपरव्हिल, ११ मार्च १९८५

मृणाल,

तुझं पत्र शुक्रवारी एजन्सीत पोचलं. वर 'डिअर मिसेस देव', खाली 'एम. पेलम, मानद गाइड, आल्डरविक टाउन ट्रस्ट'. मजकूर टाइप केलेला, सही मात्र शाईची. एम अजून तसाच काढतेस, शेवटचा पाय लांब ओढून. मिसेस देव म्हणजे मी, कांचन. तुझी बहीण. लग्नानंतरचं माझं आडनाव तुझ्या कानावर गेलेलं नसणार, म्हणून इतकं सौजन्यानं लिहिलंस.

काम आहे म्हणून लिहितेय, दुसरं काही नाही. मुलगी मोठी झाली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं, तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, मी इथल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत आहे. आमच्या मंडळातल्या लोकांनी धरलं की इंग्लंडची टूर काढ. बारा दिवस, बत्तीस माणसं, त्यातली निम्मी डॉक्टर. लंडन, ऑक्सफर्ड वगैरे झाल्यावर १८ जूनला साडेदहा ते दीड असे तीन तास मोकळे राहत होते. तिथे मी आल्डरविक घातलं. कुणी विचारलं, हे कुठलं गाव, तर मी सांगते, छोटं आहे, जुनं आहे, गर्दी नाही.

तुमचं पत्रक वाचलं. ओकच्या सोळा खांबांवरचा बाजारमंडप, एकच काटा असलेलं चर्चचं घड्याळ, सात कमानींचा पूल, १६७१ ची मोठी आग, टेकडीवरचा किल्ला. किल्ल्याच्या फोटोत मला दीडच भिंत दिसली. आमचे लोक कोल्हापूर-साताऱ्याकडचे, पन्हाळा बघितलेले. त्यांना आधीच सांगून ठेवू का, की फार अपेक्षा धरू नका?

शिवाय स्वच्छतागृह मंडपापासून किती लांब आहे ते कळव. माणसं साठीच्या पुढची आहेत. जेवण शाकाहारी हवं. केकमध्ये अंडं चालतं, पण ते कुणी त्यांना सांगायचं नाही. टेकडी चढायला किती वेळ लागतो? जगन्नाथकाका म्हणून आहेत, निवृत्त सर्जन, वय सत्तर. ते चढणारच, आणि वर गेल्यावर भाषण करणार.

उत्तर इंग्रजीत दिलंस तरी चालेल. एजन्सीच्या पत्त्यावरच दे.

कांचन


नेपरव्हिल, २२ एप्रिल १९८५

मृणाल,

उत्तर मिळालं. स्वच्छतागृह मंडपाच्या मागेच, टेकडीला वीस मिनिटं, जेवणाला चीज-कांद्याचा पाय. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस. पहिल्या परिच्छेदाला तेवढं दिलं नाहीस. तो प्रश्न नव्हताच म्हणा.

घड्याळाबद्दल मी विचारलं नव्हतं, तरी तू अर्धं पान लिहिलंस. मिनिटकाटा कधी बसवलाच नाही, कारण गावाला तासापुरतं कळलं की पुरत होतं. आणि पुढे बसवायचं ठरलं तेव्हा लोकांनी सभा भरवून नको म्हटलं. मी हे प्रतापला वाचून दाखवलं. प्रताप म्हणजे माझा नवरा, इंजिनिअर. रोज सकाळी सात-चाळीसच्या गाडीनं शिकागोला जातो आणि सात-एकोणचाळीसला प्लॅटफॉर्मवर असतो. तो म्हणाला, "असल्या गावात मी वेडा होईन."

आमच्या गावालाही इतिहास आहे बरं का. १८३१ साली वसलं. चार वर्षांपूर्वी दीडशे वर्षं झाली तेव्हा नदीकाठी फरसबंद रस्ता बांधला, बँड वाजला. जुनी घरं उचलून एका आवारात मांडली आहेत. तिथे बायका झालरीची टोपी घालून मेणबत्त्या करून दाखवतात. रुपाली लहान असताना शाळेच्या ट्रिपबरोबर मी गेले होते. तिथली बाई म्हणाली, "हे घर शंभर वर्षांहून जुनं आहे." मुलं "वॉव" म्हणाली. मिरजेतलं आपल्या गल्लीतलं मारुतीचं देऊळ किती जुनं, हे कुणी विचारलंही नव्हतं. नाना मात्र न विचारता सांगायचे. सातवीच्या वर्गाला, आणि वर्ग सुटला की आपल्या दोघी लेकींना.

एक कबूल करते. ते तीन तास आपोआप मोकळे राहिले नव्हते, मी काढले. आल्डरविक हे नाव मला वीस वर्षं माहीत आहे. तुझ्या शेवटच्या पत्रात तिथला पत्ता होता. इथल्या लायब्ररीतल्या मोठ्या अ‍ॅटलासमध्ये ते सापडतं, पान एक्केचाळीस, अगदी बारीक अक्षरात. मी दर वर्षी एकदा तरी बघते. टाउन ट्रस्टला पत्र टाकताना वाटलं होतं, ते कुणा गोऱ्या म्हाताऱ्याला मिळेल आणि मी गुपचूप येऊन गाव बघून जाईन. तूच तिथली गाइड असशील हे स्वप्नातही नव्हतं.

तर १८ जूनला साडेदहाला, बत्तीस माणसं आणि मी.

कांचन


नेपरव्हिल, १० जून १९८५

मृणाल,

घाईत लिहितेय. हे पत्र टूरच्या आधी पोचेल का शंकाच आहे. माझं येणं कॅन्सल झालं. प्रतापचा गुडघा अचानक धरला आहे, त्याला जिना चढवत नाही, आणि रुपालीच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनची गडबड. माझ्याऐवजी शैला बरोबर येतेय. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. बोलकी आहे, पण मनानं चांगली. लोकांची यादी तिच्याजवळ आहे.

सगळं ठरल्याप्रमाणे होईल. हवामान चांगलं असो.

कांचन


नेपरव्हिल, ३० जून १९८५

मृणाल,

मंडळी परत आली. बाकी लंडन, राजवाडे वगैरे सगळं दोन वाक्यांत आटपतात आणि आल्डरविकवर येतात. काल जगन्नाथकाकांकडे जेवायला होतो तर काकूंनी हात जोडले: "आता तो खोडा पुरे करा हो!" पण काकांनी पुन्हा सांगितलाच. गुन्हेगारांचे पाय अडकवायचा तो तुमच्या चौकातला जुना खोडा, त्यात फोटोसाठी स्वतः पाय घातले, वरची फळी पाडली, आणि बिजागरी गच्च बसली. बत्तीस माणसं, त्यात पंधरा डॉक्टर, आणि कुणालाच पाय काढता येईना. मग तुझा नवरा टॉम शाळेतनं मुलांचा सुतारकामाचा तास सोडून आला, साबण आणि पकड घेऊन. काका त्याला विचारत होते, "हाउ मेनी डेज इज माय सेन्टेन्स?" आणि तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "डिपेन्ड्स, सर. व्हॉट डिड यू डू?"

मला वाटतं मला टॉम आवडेल.

शैलानं टेपरेकॉर्डर आणला होता, हे तुला माहीत आहेच, तू तिला माइक जवळ धरायला सांगितलंस. त्या कॅसेटची एक प्रत तिनं मला दिली. मी ती मंगळवारी सकाळी, प्रताप ऑफिसला गेल्यावर, स्वयंपाकघरात लावली. आधी नुसती कबुतरं. मग तू. वीस वर्षांनी तुझा आवाज, आणि तो इंग्रजीत. मी ओळखलाच नाही. कुणी तरी शिकलेली, शांत बाई बोलतेय असं वाटलं. मग मध्येच जगन्नाथकाका: "बाई, रागावू नका, पण तुमचे व्ही आणि डब्ल्यू आमच्यासारखेच आहेत. मराठी का तुम्ही?"

तू म्हणालीस, "हो."

"मग मराठीत सांगा की! सहा दिवस इंग्रजी ऐकून कान किटले."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तू म्हणालीस, "सवय राहिली नाही. शब्द सापडले तर बघते." आणि सुरू केलंस. "हा मंडप... बाजाराचा मंडप... सोळाशे एकवीस साली उभा... उभारला." एकेक शब्द तू विहिरीतून काढल्यासारखा काढत होतीस. शैला मागून पुरवत होती. खांबांपाशी तू 'लाकूडकाम' म्हणालीस, कुणी तरी 'वा' म्हणालं. आग लागली तिथपर्यंत आलीस आणि मग तुला कुणाची मदत लागेना. भटारखान्यातनं ठिणगी उडाली, एक्केचाळीस घरं गेली, बायकांनी नदीतनं भिजवून आणलेली कांबळी खांबांना गुंडाळली म्हणून मंडप वाचला. हे सांगताना तू म्हणालीस, "आता इकडे लक्ष द्या. मागचे, पुढे या."

मृणाल, ते नाना होते. तस्सेच. 'पुढे या' वर तोच जोर.

मी टेप बंद केली. भांडी घासली, जी मशीनमध्ये घालायची होती. मग पुन्हा लावली.

पुलावर पोचलात तेव्हा वारा फार आहे, तरी ऐकू येतं. शैला विचारते, "माहेर कुठलं हो तुमचं?" तू म्हणतेस, "मिरज." ती किंचाळतेच: "अगंबाई, आमची कांचन मिरजेचीच! ही टूर तिनंच ठरवली." तू विचारतेस, "त्या नाही आल्या?" "नाही ना, ऐन वेळी नवऱ्याचा गुडघा." मग पुन्हा वारा. शैलाला गप्प बसवत नाही. "माहेरी कोण कोण असतं?"

"एक बहीण आहे," तू म्हणालीस.

आहे म्हणालीस. ते मी किती वेळा मागे नेऊन ऐकलं, सांगत नाही.

प्रतापच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. आत्ता तो बाहेर लॉन कापतोय. बॅग भरून झाली होती, आणि माझ्याच्यानं निघवेना. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. लिहीन असं इथे शाईनं लिहून ठेवते, म्हणजे टाळता येणार नाही.

ताई


नेपरव्हिल, १४ जुलै १९८५

मृणाल,

दोन आठवडे टाळलंच. आज रविवार आहे, प्रताप आणि रुपाली बाहेर गेलेत. लिहून लगेच पेटीत टाकून येणार आहे.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये तुझं पत्र मी शिकवत होते त्या शाळेच्या पत्त्यावर आलं. हॉस्पिटलमधली नोकरी सोडून तू आल्डरविकला जाणार होतीस, टॉमशी लग्न करणार होतीस. लिहिलं होतंस, 'नानांना तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते समजून घेतील.' त्याच आठवड्यात प्रतापच्या घरचे बोलणी करायला येणार होते. त्याआधी माझी दोन स्थळं हातची गेली होती. मी सत्तावीस वर्षांची होते. प्रतापच्या आत्यानं आधीच कुणाजवळ तरी विचारलं होतं, "धाकटी विलायतेत एकटीच असते म्हणे?" मी तुझं पत्र मुलांच्या गणिताच्या वह्यांमध्ये ठेवलं. बोलणी झाली, सुपारी फुटली. नानांना मी काही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी तुला लिहिलं: 'नानांनी ऐकलं. ते म्हणाले, ती मला मेली. पुन्हा पत्र पाठवू नकोस.'

नानांनी हे म्हटलं नाही, मृणाल. कधीच नाही. त्यांना माहीतच नव्हतं. ते वाक्य माझं होतं. तू लिहायचं थांबावंस, निदान लग्न होईपर्यंत, एवढ्यासाठी मी ते बसून तयार केलं. लग्न झालं की सगळं सांगून टाकू असं ठरवलं होतं. मग लग्न झालं, मग अमेरिकेचे कागद, मग रुपालीच्या वेळचे दिवस. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं.

नानांनी तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहिलं. ते पाकीट 'येथे राहत नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, "तिकडे गेलं की सगळे असेच होतात." ते म्हणाले, "मृणाल तशी नाही." पुढे इकडे मला त्यांची पंधरा दिवसांनी पत्रं यायची. पावसापाण्याचं, शाळेचं, आणि शेवटची ओळ नेहमी तीच: मृणालचं काही कळलं का?

१९६९ च्या दिवाळीत मात्र त्यांनी वेगळं लिहिलं. 'तुला काही ठाऊक असेल आणि सांगता येत नसेल, तर सांगू नकोस. ती सुखरूप आहे एवढंच लिही.' म्हणजे त्यांना संशय आला होता. आणि त्यांनी माझ्यासाठी दार अर्धं उघडून ठेवलं होतं. मी त्यांना उत्तरात दोन पानं नायगारा धबधब्याबद्दल लिहिली. आम्ही नुकतेच जाऊन आलो होतो.

फेब्रुवारीत ते गेले. तुला मी तीन ओळी पाठवल्या, त्या मिळाल्या का, आजही मला माहीत नाही.

मला माफ कर, असं मी लिहीत नाही. वीस वर्षं तू नानांवर रागावली असशील आणि तो राग त्यांचा नव्हता. हे तुला ठाऊक असायला हवं, एवढंच.

काल मी प्रतापला सांगितलं. एकोणीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तो म्हणाला, "मी लग्न मोडलं नसतं, कांचन." त्यानं समजूत घालायला म्हटलं असेल. मला ते फार लागलं.

ताई


नेपरव्हिल, ३ नोव्हेंबर १९८५

मृणाल,

साडेतीन महिने झाले, तुझं उत्तर नाही. ते येणार नाही, असं मी धरूनच चालले आहे. हे पत्र काही मागायला नाही.

रुपाली ऑगस्टपासून कॉलेजला, अर्बानाला गेली. तिलाही मी सगळं सांगितलं. गाडीत मागे उशा, पंखा, डबे, आणि मी हायवेवर सांगतेय. ती म्हणाली, "मॉम, दॅट्स ऑफुल." मी म्हटलं, "हो." पुढे वीसेक मैलांवर तिनं विचारलं, "सो आय हॅव अ‍ॅन ऑन्ट?" आणि मग तुझ्याबद्दल एकामागून एक प्रश्न. तू काय खातेस, तुला मुलं आहेत का, उंच आहेस का. मला एकाचंही उत्तर येईना. पण तुझ्याविषयी मोठ्यानं बोलायला मिळालं, त्यानंच मला इतकं बरं वाटलं की हॉस्टेलच्या पायऱ्यांवर मी तिच्या उशा घेऊन हसत उभी होते. ती म्हणाली, "व्हाय आर यू स्मायलिंग?"

खरं सांगू? मी बरी आहे. सुखात आहे म्हटलं तर तुला राग येईल, पण तुझ्याशी पुन्हा खोटं कशाला बोलू. कॅसेट अधूनमधून लावते. आता मलाही आल्डरविक पाठ झालंय. पुलाची चौथी कमान वेगळ्या दगडाची का, हे मी एजन्सीत लोकांना सांगते: सतराव्या शतकातल्या यादवीत गावानंच ती पाडली, सैन्य गावात घुसू नये म्हणून, आणि नंतर तेरा वर्षं नावेनं ये-जा करत बसले. तीन जोडप्यांना तरी मी तुमच्या गावाला पाठवलं असेल. त्यांनी सांगितलं का, कुणी पाठवलं?

उत्तर दिलं नाहीस तरी मी दिवाळीला, संक्रांतीला लिहीत जाईन. वाचलं नाहीस तरी हरकत नाही.

ताई


नेपरव्हिल, ३० मार्च १९८६

मृणाल,

तुझं पाकीट आलं. या वेळी घरच्या पत्त्यावर. आत फक्त नवीन सालचं पत्रक, सोबत चिठ्ठी नाही. सगळी पानं उलटी करून बघितली. शेवटच्या पानावर छापलंय: 'पायी फेरी, दर शनिवारी अकरा वाजता, बाजारमंडपाखालून, मे ते सप्टेंबर.' त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे.

मी प्रतापला म्हटलं, ही रेघ छापखान्यातच पडली असेल तर? तो म्हणाला, "छापखान्यात पेन्सिल कुठून आली? जा तू."

विमानतळांवरच्या हल्ल्यांमुळे या वर्षी सगळे युरोपला जायला घाबरतात, रोज कुणी तरी टूर कॅन्सल करतं. मला विमानात हवी ती जागा मिळाली. पहिल्या शनिवारी नाही जमत, दुसऱ्या शनिवारी येते. दहा मे. गुडघे सगळ्यांचे ठीक आहेत.

बोलणं नको असेल तर बोलू नकोस. मी फेरीतली एक बाई म्हणून चालेन आणि तशीच परत जाईन.

ताई


नेपरव्हिल, २६ मे १९८६

मृणाल,

परवा रात्री घरी पोचले. तिथे तोंडानं जे आलं नाही ते आता लिहिते.

त्या शनिवारी तू मला मंडपाखाली पहिल्याच क्षणी बघितलंस, मला कळलं. तुझे केस इतके पांढरे असतील असं वाटलं नव्हतं. तुलाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असणार. तू थांबली नाहीस. बारा माणसांना 'गुड मॉर्निंग' म्हणालीस आणि निघालीस. मी शेवटी चालत होते. सगळं मला पाठ होतं, तरी कुठपर्यंत आलो ते चुकलंच, कारण मी खांबांकडे बघतच नव्हते. आगीची गोष्ट तू लांबवलीस, कॅसेटमध्ये आहे त्यापेक्षा खूप. बर्मिंगहॅमच्या त्या जोडप्यानं घड्याळाकडे बघितलं आणि त्याला एकच काटा, म्हणून हसले. फेरी संपल्यावर तू "एनी क्वेश्चन्स?" विचारलंस. एका बाईनं चहा कुठे मिळेल विचारलं. सगळे गेले. आपण दोघीच राहिलो आणि तू मराठीत विचारलंस, "जेवलीस का?"

मी वाटेत वीस वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही 'नाही' नव्हतं. पण तेवढंच निघालं.

पहिले दोन दिवस तू फार चांगलं वागलीस, त्याचीच मला भीती वाटत होती. तुझी लेक आनंदी लीड्सहून फोनवर बोलली, टॉमनं मला शेडमधली हत्यारं दाखवली. तिसऱ्या दिवशी नदीकाठी तू मध्येच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तू मला वीस वर्षं बापाशी भांडत ठेवलंस. तो भांडतच नव्हता." मग पुढे निघून गेलीस. मी मागून चालत राहिले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि टॉम बिचारा दोघींना मीठ पुढे करत होता.

नानांची पत्रं मी बॅगेच्या तळाशी आणली होती. कधी काढावीत कळत नव्हतं. त्या संध्याकाळी जेवणानंतर न विचारता टेबलावर ठेवली. तू पहिलं उघडलंस, मोठ्यानं वाचायला लागलीस, आणि दुसऱ्याच ओळीला थांबून विचारलंस, "हा कोण विष्णू?" मी म्हटलं, शाळेतला नवा शिपाई, नानांचा चष्मा सारखा शोधून द्यायचा. तू पुढे वाचलंस. पुन्हा थांबलीस. "गच्चीवर पत्रा कधी टाकला?" "त्यांना दमा आहे असं कुणी सांगितलं?" जे गेल्या वीस वर्षांत तुला कुणी सांगितलं नव्हतं, ते सगळं तू एकेक करून विचारून घेतलंस. मी एक रात्र राहायचं म्हणून आले होते, बारा राहिले. रोज न्याहारी झाली की तू बंडल काढायचीस. टॉम समोर वाटाणे सोलत बसायचा, एक अक्षर कळत नसूनही. तू थांबलीस की तोही हात थांबवायचा.

एकोणसत्तरच्या दिवाळीचं पत्र आलं तेव्हा मी बाहेर जायला उठले. तू म्हणालीस, "बस." वाचलंस. घडी घातलीस. मग विचारलंस, "दोन पानं? नायगारावर?" मी मान हलवली. "काय लिहिलंस इतकं?" मी सांगितलं: पाणी किती फूट पडतं, रेनकोट कसे देतात, कॅनडाची बाजू जास्त चांगली. तू हसायला लागलीस. हसता हसता टेबलावर डोकं टेकलंस आणि मग ते हसू राहिलं नाही. टॉम उठून तुझ्याजवळ गेला. मी जागची हलले नाही, कारण मला वाटलं, माझा तो हक्क नाही. तेव्हा तू डोकं न उचलता हात लांब करून माझं मनगट धरलंस. घट्ट, दुखेल इतकं. तुझ्या बोटांच्या खुणा संध्याकाळपर्यंत होत्या. मी त्या कुणाला दाखवल्या नाहीत.

पत्रं तुझ्याकडेच ठेवून आले, बरं केलं. ती दोघींना लिहिलेली होती.

स्टेशनला जायच्या बसपाशी तू म्हणालीस, "मी माफ केलंय असं सगळ्यांना सांगत सुटू नकोस."

मी म्हटलं, "नाही सुटणार."

"मला माहीत नाही अजून."

"बरं."

बस आली. मी चढले, ड्रायव्हरनं दार लावायला घेतलं, आणि तू खालून ओरडून विचारलंस, "ऑक्टोबरात तिकडे थंडी कितपत असते?" दार बंद झालं. उत्तर राहूनच गेलं.

तर ऐक. सुरुवातीला स्वेटर पुरतो. झाडं तेव्हा लाल-पिवळी होतात, लोक मुद्दाम बघायला येतात. शेवटच्या आठवड्यात वारा सुटतो आणि कोट लागतो. पण कोट आणू नकोस, बॅग उगाच जड होईल. रुपालीचा निळा इथे कपाटात आहे. तुझी उंची मी आता बघितली आहे, तुला तो नीट बसेल.

ताई